बंद पडलेली जुनी बुलेट पहिल्यांदाच चालू करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं नेमक्या कुठल्या बुलेटसाठी आहेत?

उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, चार गिअर आणि पॉइंटवर (स्पार्कसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणारं इग्निशन अशी ३५० सीसी बुलेट असेल, तर इथलं सगळं तिला लागू पडतं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून १९५५ पासून कित्येक दशकं हेच इंजिन थोड्याफार फरकाने निघत राहिलं. लोक त्याला ‘कास्ट आयर्न’, म्हणजे बिडाचं, म्हणतात, पण बीड आहे ते फक्त सिलिंडर. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि त्यातल्या प्लगच्या आट्या मऊ आहेत, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. गंजलेला प्लग जोर लावून फिरवला की आट्याही बरोबर येतात. आधी गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर थांबा, सकाळी पाव फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, असं करत काढा.

गाडी घ्यायच्या आधी काय बघायचं?

कागद. इंजिन कितीही बिघडलेलं असलं तरी दुरुस्त होतं, कागद नसलेली गाडी मात्र रस्त्यावर येत नाही. आरसी बुकवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या ठशाशी ताडून पाहा. रंगाचा थर असेल तर थिनरने पुसा, ठशावर कागद धरून वरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. घासून परत ठोकलेले आकडे असतील तर तो व्यवहार सोडून द्या. नंबर परिवहनच्या साइटवर टाकून कर्ज, चलन, काळ्या यादीतली नोंद हेही बघा.

नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. आजोबांची किंवा काकांची गाडी गोठ्यातून बाहेर काढणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा या ३१ नंबरच्या फॉर्मवरच होते, म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी ते काम मार्गी लावा.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली असतील तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचाही पर्याय आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तिच्यावरून फिरायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

एक किक मारून बघू का, चालू होते का ते?

नाही. मोह सगळ्यांनाच होतो, आणि बरंचसं नुकसान या एका किकनेच होतं.

पाच-दहा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच ओघळून गेलेलं असतं. तिथे गंजाचा बारीक थर येतो आणि रिंगा त्यात चिकटतात. तशात किक मारली तर रिंग तुटते किंवा बोअरवर उभे ओरखडे पडतात. बिग एंडही (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) कोरडं असतं आणि इंजिन पेटलं तर तेल पोचायच्या आत ते फिरू लागतं. सायलेन्सरमध्ये किंवा एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं असतं. कोकणात तर कुंभारीण माशीने कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीत आणि सायलेन्सरच्या टोकात मातीची घरं बांधलेली हमखास सापडतात. पहिल्याच झटक्याला ती माती किंवा काथ्या आत ओढला जाऊ शकतो.

म्हणून क्रम असा: आधी इंजिन हाताने मोकळं फिरतंय का बघायचं, मग तेल, मग पेट्रोलचा मार्ग, मग स्पार्क, आणि किक सगळ्यात शेवटी.

हाताने कसं फिरवायचं?

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि प्लग काढा. प्लगच्या भोकातून सिरिंजने २० ते ३० मिली इंजिन ऑइल आत सोडून एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी चौथा गिअर टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी सावकाश पुढे ढकला. इंजिन मोकळं असेल तर प्लगच्या भोकातून हवेचा फुसका आवाज येतो आणि पिस्टन वर-खाली होताना दिसतो.

चाक अजिबात हललं नाही तर पिस्टन जाम आहे. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे लाल रंगाचं ऑटोमॅटिक गिअर ऑइल, निम्मं-निम्मं मिसळून ३० मिली आत टाका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भर घाला. रोज चाक थोडं पुढे, थोडं मागे हलवून बघा, झटका देऊ नका. सुटायचा असेल तर साधारण आठवड्याभरात सुटतो. वरून सळई घालून पिस्टनवर ठोकू नका, अ‍ॅल्युमिनियमचा माथा खड्डा घेतो आणि काही वेळा भोकही पडतं.

आठवड्याने सुटला नाही तर हेड आणि सिलिंडर उतरवा. बुलेटमध्ये त्यासाठी इंजिन चासीतून काढावं लागत नाही. टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप आणि हेडला चासीशी धरणारी पट्टी सोडली की जागा होते. आणि पिस्टन सुटला म्हणून लगेच गाडी चालू करू नका. टॉर्च धरून बोअरच्या भिंती बघा. नुसता तपकिरी डाग असेल तर चालेल, नखाला खड्डे लागत असतील तर सिलिंडर काढलेलंच बरं.

सगळी गाडी खोलून, रंगवून, नवीन जोडली तर?

पहिलीच गाडी असेल तर नका करू. सुट्या भागांची पोती भरून ठेवलेल्या आणि पुन्हा कधीच न जोडलेल्या बुलेट गावोगावी आहेत. गाडी आधी जशी आहे तशी चालती करा आणि शंभरेक किलोमीटर फिरवा. तेवढ्यात गिअर उडतो का, बिग एंड वाजतो का, कुठून गळतं, चासी वाकडी आहे का हे सगळं गाडीच सांगते. रंग आणि क्रोम त्यानंतर. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

जे खोलाल त्याचे आधी फोटो काढा आणि एका भागाचे नटबोल्ट एका डबीत ठेवा. वॉशरसुद्धा टाकू नका. कुठे तांब्याचा, कुठे फायबरचा, कुठे स्प्रिंगचा आहे यावर गळती अवलंबून असते.

पाने कुठले लागतील? माझे मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत.

बसणारही नाहीत. या गाडीत ब्रिटिश मापाच्या आट्या आणि षट्कोन आहेत, आणि मधल्या काळात कुणी ना कुणी मिलिमीटरचेही बोल्ट घुसवलेले असतात. जवळपास बसणाऱ्या मिलिमीटरच्या पान्याने कोपरे झिजतात, मग छिन्नी लावावी लागते. व्हिटवर्थ मापाच्या पान्यांचा एक संच घ्या. त्याशिवाय फीलर गेज (फटी मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, प्लगचा पाना, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि एक मोठी सिरिंज. नवा बोल्ट बसवताना पहिले चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. बोटाने फिरत नसेल तर आट्या जुळत नाहीत, पाना लावू नका.

डिपस्टिकला तेलच लागत नाही. दोन लिटर भरून टाकू?

थांबा. नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते इथे. या इंजिनात तेल क्रँकखाली साठत नाही, क्रँककेसच्याच मागच्या भागात त्याची वेगळी टाकी आहे. एक पंप तिथून तेल उचलून बिग एंडला देतो आणि दुसरा खाली जमलेलं तेल परत ओढतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, पण तेल आतच असतं. त्यावर आणखी दोन लिटर ओतलं तर चालू झाल्यावर ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाचे फवारे उडतात आणि सायलेन्सर निळा धूर ओकतो. मग सगळे म्हणतात रिंगा गेल्या, आणि विनाकारण रिबोअर (सिलिंडर आतून कापून मोठं करणं) होतो.

म्हणून खालची टाकीची आणि क्रँककेसची, अशी सगळी ड्रेन बुचं सोडा. तेल रात्रभर निथळू द्या. काय निघतंय ते फडक्यावर घेऊन बघा. काळं, जाड तेल ठीक आहे. दुधाळ पिवळं असेल तर पाणी गेलंय. चंदेरी चमक असेल तर बेअरिंग किंवा पिस्टन झिजलाय. चुंबकाला चिकटणारे कण आले तर बिग एंड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑइल फिल्टर बदला. कप, स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवा, आणि झाकण लावायच्या आधी फिल्टरची पोकळी तेलाने भरा. ती रिकामी राहिली तर ती भरेपर्यंत बिग एंडला तेल मिळत नाही. त्यानंतर २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, साधारण सव्वादोन लिटर, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत.

आता प्लग न लावता, इग्निशन बंद ठेवून, फिल्टरच्या झाकणाचा नट दोन आटे सैल करा आणि हळूहळू किक दाबत राहा. तीस-चाळीस किकनंतर झाकणाच्या कडेने तेल पाझरायला लागलं म्हणजे देणारा पंप काम करतोय. नट आवळा. ओढणाऱ्या पंपाची परीक्षा इंजिन चालू झाल्यावर होते, ती पुढे येईल. तेल आलंच नाही तर टायमिंग कव्हर उघडून पंप बघावे लागतील. क्रँकच्या टोकाला पंप फिरवणारा जो वर्म (स्क्रूसारखा गिअर) आहे त्याच्या आट्या उलट्या आहेत. नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर तो आणखी आवळला जातो आणि तुटतो.

गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं ऑइल चालेल का?

चालतं, पण बाहेर येतं. हा गिअरबॉक्स मुळात पातळ, अर्धप्रवाही ग्रीससाठी बनलेला आहे, नुसतं ऑइल धरून ठेवेल अशी सील त्याला नाहीत. घट्ट चासी-ग्रीस मात्र भरू नका, गिअर त्यात खोबण पाडून फिरतात आणि कोरडे राहतात.

किक खाली जाते, पण इंजिन फिरतच नाही.

किकचा जोर क्लचमधून इंजिनला जातो, म्हणजे क्लच घसरतोय. केबल फार ताणलेली आहे का ते आधी बघा, लिव्हरला दोन-तीन मिमी ढील हवी. तरीही घसरत असेल तर प्लेटा तेलकट झाल्यात किंवा स्प्रिंग बसल्यात. प्रायमरी केसमध्ये (इंजिन आणि क्लचमधल्या साखळीच्या पेटीत) मोटारींसाठीचं घर्षण कमी करणारं ऑइल कुणी भरलं असेल तरी हेच होतं.

उलट प्रकारही घडतो. क्लच दाबला तरी सुटत नाही, कारण उभ्या गाडीत प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. लिव्हर हँडलला दोरीने बांधून रात्रभर ठेवा, सकाळी चौथ्या गिअरमध्ये गाडी पुढे-मागे हलवा. टक्कन आवाज होऊन सुटतात.

डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर मधल्या एकाच नटवर धरलेलं असतं. तिथून गळतं म्हणून तो नट आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि गळती वाढते. कडेचं रबर बदला.

टाकीत गंज आहे. मोरी धुवायचं अ‍ॅसिड टाकून साफ करू का?

मोरीचं अ‍ॅसिड गंजाबरोबर पत्रा आणि सांध्यांचं डागकाम (सोल्डर) यांनाही खातं, आणि धुऊन ठेवली की तासाभरात टाकी पुन्हा लाल होते. आधी पेट्रोल कॉक काढून भोक बुचाने बंद करा. मूठभर छोटे नट किंवा साखळीचा तुकडा थोड्या पाण्याबरोबर आत टाकून टाकी चारही बाजूंनी हलवा, खपल्या सुटतात. नट मोजून टाका आणि मोजून काढा. मग साधं पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा. ओतून दिल्यावर पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम खायचा सोडा घालून धुवा, नाहीतर उरलेली आंबट ओल पुन्हा गंज आणते. लगेच उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवा आणि थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून घ्या. हे सगळं रंगावर ओघळू देऊ नका.

कॉकच्या आतली जाळी आणि वॉशर बदला, आणि कार्बोरेटरच्या अलीकडे दहा-वीस रुपयांचा पारदर्शक फिल्टर लावा. पहिल्या महिन्यात तो दोनदा तरी लाल होतो. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि वॉशर त्यात फुगतात, म्हणून नळी नवीन आणि इथेनॉलला टिकणारी घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून ठेवा.

कार्बोरेटर नुसता बाहेरून धुतला तर पुरे ना?

नाही. बाऊल उघडा. सुकलेलं पेट्रोल तिथे मधासारखं किंवा हिरवट पावडरीसारखं साठलेलं असतं. पायलट जेटचं, म्हणजे मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक केसाएवढं आहे आणि बहुतेक वेळा तेच बुजतं. गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, त्याचं कारण हेच. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंका आणि उजेडाकडे धरून बघा, गोल उजेड दिसला पाहिजे. आत तार घालू नका, पितळ मऊ आहे, भोक मोठं झालं की माप गेलं. जेटवर कोरलेला नंबर लिहून ठेवा.

फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. फ्लोटच्या सुईच्या टोकाला रिंगण उमटलं असेल तर ती बदला. मिककार्ब बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून दीड आटा बाहेर काढा, ही सुरुवात. आत फिरवला की मिश्रण दाट होतं, बाहेर काढला की विरळ. स्लाइड झिजून खुळखुळत असेल तर आयडलिंग कधीच स्थिर होत नाही, कितीही स्क्रू फिरवा. हेडकडच्या बाजूची गॅस्केट नवीन टाका, तिथून हवा ओढली तर इंजिन विरळ चालून तापतं.

स्पार्कच येत नाही. कुठून सुरुवात करू?

बॅटरीपासून, आणि एका वेळी एकच टप्पा. या गाडीचं इग्निशन बॅटरी आणि कॉइलवर आहे, बॅटरी मेली की स्पार्क मेला. जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या. बल्ब आणि कॉइलवर व्होल्ट लिहिलेले असतात ते वाचूनच बॅटरी आणा. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणून चासीला कुठली वायर जाते ते बघितल्याशिवाय जोडू नका.

किल्ली लावली की अ‍ॅमीटर पाहत इंजिन हळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना काटा वजा बाजूला तीन-चार अ‍ॅम्पिअर झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलतोय म्हणजे प्राथमिक बाजू जिवंत आहे. मध्यावरच खिळून राहिला तर पॉइंट काजळलेत किंवा कुठेतरी वायर तुटलीय. वजाकडेच अडकला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा त्यांचा इन्सुलेटिंग वॉशर उलटा बसून वायर चासीला टेकलीय. तो कागदासारखा वॉशर नवशिक्यांचे तासन् तास खातो.

पॉइंटवर उभ्या गाडीत करडा थर येतो. बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कोरा कागद मधून ओढून काढा. घासल्याचा कण उरला तरी स्पार्क मरतो. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, कॅम पूर्ण उचललेला असताना. कंडेन्सर सरळ नवीन टाका, तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. गेलेला कंडेन्सर ओळखायचा तर इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या उडतात आणि गरम झाल्यावर गाडी मिस मारते. बारा व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक रोध मल्टिमीटरवर तीन ते चार ओहम दिसायला हवा.

प्लग नवीन, गॅप अर्धा मिमीच्या आसपास. स्पार्क बघताना प्लग हेडला टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून लांब. पेट्रोलची वाफ तिथूनच बाहेर येते आणि भडका होतो. आणि किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जळते.

टायमिंग कसं लावायचं?

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला वर येण्याआधी ०.८ मिमी असताना पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे, ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेगाप्रमाणे स्पार्क लवकर देणारी वजनं) पूर्ण मागे असताना. आधी कॉम्प्रेशन शोधा: टॅपेट कव्हर काढून दोन्ही पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या सळ्या) बोटांनी फिरतात का बघा. दोन्ही सैल म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग प्लगच्या भोकातून सायकलची सरळ तार उभी धरून चाकाने इंजिन हलवा, तार सगळ्यात वर येते तिथे खूण करा. तार तिरकी असेल तर माप चुकतं, शक्य असेल तर डायल गेज वापरा. आता इंजिन थोडं मागे घेऊन परत पुढे आणत ०.८ मिमी खाली थांबवा, म्हणजे गिअरमधली ढील निघून जाते.

टेस्ट लॅम्पचं एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं अर्थला, किल्ली चालू. पॉइंट मिटलेले असताना दिवा बंद, उघडताक्षणी पेटतो. पॉइंटची प्लेट सैल करून दिवा जिथे नेमका पेटतो तिथे आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण आवळताना प्लेट सरकते. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून बाहेरच अडकली असतील तर किक उलटी मारते, घोटा मोडण्याइतक्या जोराने.

टॅपेटची गॅप किती ठेवायची?

शून्य, इंजिन पूर्ण थंड असताना. म्हणजे पुश रॉड दोन बोटांत सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ अजिबात नको. फिरवायला जोर लागला तर घट्ट आहे, व्हॉल्व्ह नीट बसणार नाही, जळेल. सैल ठेवलात तर नुसता टकटक आवाज. शंका असेल तेव्हा किंचित सैल बरं. लॉक नट आवळल्यावर परत फिरवून बघा.

आता तरी किक मारू?

आता मारा. पण आधी मोकळ्या जागेत या, जवळ वाळूची बादली ठेवा, पायात बूट घाला आणि न्यूट्रल खरंच आहे का बघा. टाचेजवळचा छोटा लिव्हर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावरून थेट न्यूट्रलला आणतो, पहिल्यावरून नाही.

पेट्रोल चालू, चोक लावलेला, किल्ली चालू. किक सावकाश दाबत जा, एका जागी ती घट्ट लागते. तिथे अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येतो. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढा, किक अगदी थोडी पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा. किक वर येऊ द्या आणि आता पूर्ण वजनाने, तळापर्यंत, एकाच लयीत मारा. अर्धवट, घाबरत मारलेली किकच उलटते. अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका.

पेटली की रेस करू नका. लगेच हेडवरच्या रॉकरला जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बॅन्जो बोल्ट (तेल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट) अर्धा आटा सैल करा. अर्ध्या-एक मिनिटात तिथे तेल पाझरलं पाहिजे, कारण रॉकरला तेल ओढणारा पंप देतो. आलं नाही तर बंद करा आणि कारण शोधा. आलं तर बोल्ट आवळा, नळी तापायच्या आत. नंतर मध्यम वेगावर काटा अधिक बाजूला सरकतो का बघा.

पाच-सहा वेळा नीट मारूनही पेटली नाही तर प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय: कॉक बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून, किल्ली बंद ठेवून दहा किक मारा, प्लग पुसून पुन्हा लावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, कार्बोरेटरकडे परत जा.

धूर खूप येतोय. रिबोअर करू का?

लगेच नको. आधी आत टाकलेलं तेल जळणार, पहिली दहा मिनिटं निळा धूर येणारच. पांढरी वाफ सायलेन्सरमधल्या पाण्याची असते. काळा धूर म्हणजे चोक अडकला किंवा मिश्रण दाट. वीस-तीस किलोमीटर चालवूनही रेस देताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंग किंवा बोअर. फक्त रेस सोडून पुन्हा दिल्यावरच येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड.

रिबोअर करायचाच झाला तर आधी पिस्टन विकत घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करायला द्या. उलट केलं तर गॅप नशिबावर राहतो आणि उन्हाळ्यात घाटात गाडी जाम होते. रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून टोकांमधलं अंतर फीलर गेजने मोजा, ०.३ मिमीच्या आसपास हवं. नंतर पहिले ५०० किलोमीटर ४०-५० च्या आत, डबलसीट नको, आणि ५०० ला ऑइल बदला. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळा आणि टॅपेट परत बघा, कारण आवळल्यावर ते बदलतात.

ब्रेक आणि टायर कधी बघायचे?

गाडी जागची हलण्याआधी. ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. लायनर बुटावरून सुटून आलं असेल तर चाक जागेवर लॉक होतं, म्हणून ते नखाने उचलून बघा. केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी नवीन टाका. टायर ३.२५-१९. नक्षी चांगली दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. दहा वर्षं जुनं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. हवा पुढे १८, मागे २८ पीएसआय, एकट्यासाठी.

सुटे भाग मिळतात का?

या गाडीचे मिळतात, हाच तिचा मोठा फायदा आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, दिल्लीत करोल बाग. जुना भाग बरोबर घेऊन जा, नुसतं वर्ष सांगून मागू नका, कारण एकाच वर्षात दोन प्रकार लागलेले असतात. पॉइंट, कंडेन्सर आणि बेअरिंगमध्ये नक्कल फार आहे, तिथे स्वस्तात जाऊ नका. गॅस्केट, केबल, रबर साधी चालतात.

पहिल्या काही फेऱ्या कशा माराव्यात?

घराच्या आसपास, पंधरा-वीस किलोमीटरच्या आत, आणि दर वेळी गाडी पूर्ण थंड होऊ द्या. खिशात प्लग, प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि फीलर गेज ठेवा. डाव्या पायाला ब्रेक आहे हे घाईत पाय विसरतो, म्हणून आधी रिकाम्या मैदानावर तासभर सराव करा: पहिला गिअर वर, बाकी तीन खाली. परत आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्राचा कागद पसरा. सकाळी तेलाचे डाग कुठे पडलेत त्यावरून पुढचं काम ठरतं. कागदावर पेट्रोलचा वास आला तर कॉक आणि फ्लोटची सुई बघून झाल्याशिवाय पुन्हा किल्ली लावू नका.